पाचोड परिसराचे ऋतुचक्र

पाचोड हे पैठण तालुक्यातील मोठे बाजारगाव छत्रपती संभाजीनगर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, धुळे–सोलापूर महामार्गावर बीडच्या दिशेला वसले आहे. पश्चिमेला पैठण आणि जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय, दक्षिणेला गोदावरीचे खोरे, पूर्वेला जालना जिल्ह्यातील अंबड तालुका आणि उत्तरेला आडूळच्या बाजूची उंचसखल टेकाडे, असा हा परिसर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंचीच्या या पठारावर जमीन गोदावरीकडे हळूहळू उतरत जाते. उंच डोंगर, खोल दऱ्या किंवा मोठे धबधबे येथे नाहीत. येथील सौंदर्य कळते ते शिवार बारा महिने पाहिल्यावर. मे महिन्यात ढेकळांनी भरलेले रान ऑगस्टमध्ये कपाशीने झाकले जाते आणि तेथेच कुठे डिसेंबरमध्ये ज्वारी डोलू लागते. या सगळ्या बदलांमागे पाऊस आहे. तो किती पडला, याइतकेच तो केव्हा पडला आणि जमिनीने त्यातला किती धरून ठेवला, यावर येथले वर्ष ठरते.

खडक, माती आणि नदी

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पाचोडची जमीन या काळ्या पाषाणावरच उभी आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, तर वरचा भाग पुष्कळदा सच्छिद्र असतो. त्यांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा सापडतो. नवीन विहीर खोदताना हे थर एकाखाली एक उघडे पडतात. वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक आणि शेवटी टणक काळा पाषाण. पाणी मुरते आणि साठते ते मुरमात, झिजलेल्या खडकात आणि पाषाणाच्या भेगांत. घट्ट पाषाणात पाण्याला जागाच नसते. म्हणून एका बांधावरच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकते, तर शेजारच्या शेतातली विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते. बोअरवेल कितीही खोल नेली तरी भेग लागली नाही तर ती कोरडी जाते, याचेही कारण हेच.

याच खडकाची झीज होऊन येथील माती बनली आहे. सखल भागात आणि नदी-ओढ्यांच्या काठी ती खोल व काळीभोर आहे. टेकाडांवर ती हातभर खोलही नसते आणि लगेच मुरूम लागतो. अशा जमिनीला बरड किंवा मुरमाड म्हणतात. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात ही माती पायाला चिकटते, औताला जड जाते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतूनच खोलवर उतरते. एकदा पोटभर पाणी प्यालेली काळी जमीन ओल कितीतरी आठवडे धरून ठेवते आणि पावसाचा थेंब नसतानाही रब्बीचे पीक पोसते. मुरमाड जमीन पाणी पटकन खाली सोडते. तिच्यावर पीक लवकर सुकते, पण सततच्या रिमझिमीत मुळे कुजत नाहीत. एकाच पावसाने एकाचे पीक साधते आणि दुसऱ्याचे जाते, ते बहुधा मातीच्या या फरकामुळे.

पाचोडजवळून गल्हाटी नदी वाहते आणि पुढे अंबड तालुक्यात जाते. पावसाळ्यात जोराचा पाऊस झाला की काही तासांत तिला पूर येतो आणि पाऊस थांबला की पाणी तितक्याच वेगाने ओसरते. हिवाळा संपता संपता पात्रात डोह तेवढे उरतात आणि उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते. पाणलोट लहान, जमीन उघडी आणि खडक कमी पाणी धरणारा असला की नदी अशीच हंगामी राहते. परिसरातील लहानमोठे तलाव आणि खेर्ड्यासारखे प्रकल्पही पावसावरच अवलंबून असतात.

पर्जन्यछायेतला पावसाळा

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि बहुतेक बाष्प घाटमाथ्यावरच सोडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला उतरणारी हवा कोरडी आणि उबदार होत जाते. सह्याद्रीपासून सुमारे दोनशे किलोमीटर अंतरावर असलेला पाचोडचा पट्टा या पर्जन्यछायेत येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा सरासरी पाऊस ढोबळमानाने सहाशे ते सातशे मिलिमीटर आहे आणि त्यातला चार-पंचमांशाच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेल्या आठ महिन्यांची तहान याच पावसावर भागवायची असते.

केरळात १ जूनच्या सुमारास दाखल होणारा मोसमी पाऊस मराठवाड्याच्या या भागात सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो. शेतकरी मात्र तारखेपेक्षा नक्षत्रावर बोलतात. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो आणि त्या काळातील पाऊस त्या नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७–८ जूनला मृग, २१–२२ जूनला आर्द्रा. रोहिणीत मशागत पुरी करायची आणि मृगात पेरते व्हायचे, हे जुने वेळापत्रक आहे. जुलैतल्या पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस आणि त्यानंतरच्या पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. मघा ऑगस्टच्या मध्यावर, उत्तरा सप्टेंबरच्या मध्यावर आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस येते.

मृगाच्या आधी आभाळ भरून येऊ लागते. पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो आणि पावशा पक्ष्याची हाक सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. पहिला चांगला पाऊस झाला की बांधाच्या कडेला मखमली लाल मृगाचे किडे दिसतात. तरीही जाणता शेतकरी लगेच तिफण हाती घेत नाही. जमिनीत वीतभर तरी ओल उतरावी लागते आणि माती फार चिखल नाही, फार कोरडी नाही, अशा वाफशावर यावी लागते. वाफसा येण्याआधी केलेली पेरणी पुढे पाऊस लांबला की वाया जाते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. कृषी खात्याकडूनही साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे दरवर्षी सांगितले जाते.

खरिपात कापूस हे येथले मुख्य पीक आहे. त्याच्या जोडीला तूर, बाजरी, मका, सोयाबीन, मूग आणि उडीद घेतले जाते. जुलैत शिवार हिरवे होते, माळावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते वर येतात, तरवड पिवळ्या फुलांनी भरतो. आभाळ सतत झाकलेले राहते, दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास उतरते. पाऊस मोठ्या धारांपेक्षा भुरभुरीच्या रूपात येतो. दोन-तीन दिवस न उघडणाऱ्या अशा रिमझिमीला झड म्हणतात. झडीने मोजमापात पाऊस फारसा भरत नाही, पण जमिनीत मुरतो तो हाच. श्रावण अमावास्येला पोळा येतो, तेव्हा ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यांत आणि कपाशीच्या रानात वर्षातला सर्वांत गडद हिरवा रंग असतो.

खंड आणि परतीचा पाऊस

येथील पावसाळ्याची खरी कसोटी खंडात लागते. मोसमी पावसाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात पाऊस उघडीप देतो. पर्जन्यछायेतल्या गावांना हा खंड आठ दिवसांचा असला तर सोसतो, पण तो तीन-चार आठवडे लांबला की मुरमाड रानातील मूग, उडीद आणि सोयाबीन माना टाकतात. खोल काळ्या जमिनीतील कपाशी आणि तूर तग धरतात, कारण त्यांची मुळे खाली जाऊन साठलेली ओल शोधतात. एका वर्षाची सरासरी पूर्ण होऊनही हंगाम बुडू शकतो. पिकाला पाणी लागते त्या वेळी ते मिळाले नाही, तर वर्षअखेरची बेरीज उपयोगाची नसते.

ऑगस्टच्या खंडानंतर सप्टेंबरमध्ये येथे पावसाचा जोर पुन्हा वाढतो. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे या काळात पश्चिमेकडे सरकत मराठवाड्यापर्यंत येतात आणि पूर्वेकडून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीच्या आडोशामुळे पश्चिमेचे बाष्प अडते, पण पूर्वेच्या वाटेवर तसा अडसर नाही. म्हणून कोकणात जुलै हा पावसाचा महिना, तर मराठवाड्यात सप्टेंबरचा वाटाही तितकाच मोलाचा. दुपारी उकाडा, संध्याकाळी पूर्वेकडून चढणारे काळे ढग, विजांचा कडकडाट आणि तासाभरात ओढे भरवून जाणारा पाऊस, ही या दिवसांची रीत. विहिरींना पाणी येते, तलाव भरतात, रब्बीसाठी ओल साठते ती याच पावसाने. हस्ताचा पाऊस झाला नाही तर ज्वारीचा पेरा घटतो. तोच पाऊस बेताबाहेर गेला तर फुटलेला कापूस भिजतो, सोयाबीनच्या शेंगांतून कोंब फुटतात आणि काळ्या रानात पाणी तुंबून उभी पिके सडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने हे नुकसान मोठ्या प्रमाणावर घडले.

ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस माघारी जातो. आभाळ स्वच्छ होते, जमीन ओली असते आणि ऊन थेट पडते, त्यामुळे दोन-तीन आठवडे दमट उकाडा जाणवतो. याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. दिवाळीपर्यंत पहाटेचा गारवा अंगाला लागू लागतो.

हिवाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाचोड परिसराचा सर्वांत सुखद काळ. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि वारा उत्तर-ईशान्येकडून. ढगांचे पांघरूण नसल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने उष्णता गमावते. दुपारी तापमान २८ ते ३० अंश आणि पहाटे १० ते १२ अंश, असा मोठा फरक पडतो. उत्तर भारतात थंडीची लाट आली की येथील पारा १० अंशांच्या खालीही उतरतो. थंडी सर्वांत जास्त जाणवते ती नदीकाठच्या सखल रानात, कारण गार हवा जड असते आणि रात्री उताराने खाली जाऊन तेथे साचते.

हा ज्वारी, हरभरा, गहू आणि करडईचा हंगाम आहे. रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीतील ओलीवर येते. ओल कमी होत गेली की काळ्या जमिनीला भेगा पडू लागतात, त्या मुळे तोडतात आणि खालची ओल उडवतात. त्यासाठी शेतकरी ज्वारीत दोन-तीनदा कोळपे फिरवतात. वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात आणि ओल टिकते. पाऊस न पडताही पीक हाती येण्यामागे ही साधी कोळपणी आहे. जानेवारीत कणसे दुधात आली की शेताशेतांत हुरड्याच्या आगट्या पेटतात. बांधावरच्या बोरी पिकतात.

हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात. भोरड्यांचे मोठे थवे ज्वारीवर उतरतात आणि राखणदार गोफण घेऊन त्यांना उठवतात. हेच पक्षी किडे आणि टोळही खातात. नाथसागरावर रोहित, पट्टकादंब हंस आणि अनेक जातींची बदके दिसतात. या जलाशयाचा परिसर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. जलाशय विस्तीर्ण पण उथळ असल्यामुळे त्याच्या काठावर दलदल आणि खाद्य भरपूर मिळते, म्हणून पक्ष्यांना तो मानवतो.

हिवाळ्यातील त्रासदायक गोष्ट म्हणजे ढगाळ हवा आणि धुई. हवेत ओलावा वाढून पहाटे धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो, हरभऱ्यावर घाटेअळी वाढते आणि आंब्याच्या मोहोरावर भुरी येते. एका आठवड्याच्या अशा हवेने हंगामाचा हिशेब बदलतो.

उन्हाळा

होळीनंतर ऊन वाढू लागते. पैठणची नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठीला येते, तेव्हा दिंड्यांना दुपारच्या उन्हाचा चटका बसू लागलेला असतो. याच दिवसांत पळस आणि पांगारा फुलतात आणि पानगळीने उघड्या पडलेल्या बांधांवर त्यांचा केशरी-लाल रंग दुरून दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंबाला पालवी आणि मोहोर येतो. उन्हाळाभर गावाला आणि जनावरांना सावली देणारे झाड हेच.

मे महिन्यात दिवसाचे तापमान सरासरीने ४० अंशांच्या आसपास असते आणि काही दिवस त्याच्याही पुढे जाते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैतला हा दिवस ढगांमुळे सहसा दिसत नाही. मेमध्ये मात्र जमीन तापलेली, हवा कोरडी आणि आभाळ मोकळे असते. तापलेल्या हवेचा झोत वर उठून उघड्या रानात वावटळी फिरतात. रात्र मात्र पठारावर बरीचशी सुसह्य असते. कोरडी हवा सूर्य मावळला की लवकर निवते.

एप्रिल-मेमध्ये काही दुपारी ढग जमून वळीव कोसळतो. जमिनीलगतची तापलेली हवा वेगाने वर चढते, उंचावर बाष्प गोठते आणि वादळी वाऱ्यासह पाऊस, कधी गाराही पडतात. वळवाने नांगरलेली ढेकळे फुटतात, मशागत सोपी होते. गारा मात्र आंबा, डाळिंब आणि मोसंबीच्या बागा झोडपून काढतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागाला गारपिटीने असा तडाखा दिला होता.

हवामानाशी बांधलेली मोसंबी

पाचोड आणि शेजारच्या जालना जिल्ह्याची ओळख मोसंबीने झाली आहे. पाचोडच्या मोसंबी बाजारात हंगामात गावोगावचा माल येतो आणि येथून उत्तर भारतातील शहरांकडे ट्रक भरून जातात. हे पीक येथे रुजले त्यामागे हवामानच आहे. मोसंबीला कोरडी हवा, दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक आणि निचऱ्याची मध्यम जमीन मानवते. भारी काळ्या मातीत पाणी तुंबून तिची मुळे कुजतात, म्हणून पोयट्याची किंवा मुरूम मिसळलेली जमीन बागेसाठी निवडतात.

येथील शेतकरी ऋतूंचा उपयोग करून झाडाला फुलवतो. डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे दीड ते दोन महिने ताण देतात. थंडी आणि ताण यांमुळे झाडाची वाढ थांबते, काही पाने गळतात, काडीत अन्नसाठा होतो. मग खत घालून पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत बाग फुलते. हा आंबिया बहार. त्याची फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून तोडणीला येतात. उन्हाळ्यात ताण बसून मृगाच्या पावसावर फुलणारा तो मृग बहार. त्याची फळे पुढच्या वर्षी हिवाळा सरताना व उन्हाळ्यात मिळतात, तेव्हा भाव चांगला असतो. आंबिया बहाराला पाणी उन्हाळाभर लागते आणि विहीर आटली की तो संकटात येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सतत ओलावा राहिला तर बुरशीने फळगळ होते. ज्वारी एका हंगामाचे नुकसान सोसून पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मोसंबीची बाग वाळली तर नवी बाग फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात. २०१२-१३ च्या दुष्काळात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना जिल्ह्यांतील असंख्य बागा अशाच वाळल्या आणि कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या.

दुष्काळ, धरण आणि साठवण

पर्जन्यछायेच्या प्रदेशात दुष्काळ वारंवार येतो. १९७२ चा दुष्काळ आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात कालगणनेचा आधार असतो. त्या काळात सुरू झालेल्या कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ ही वर्षे मराठवाड्याला कठीण गेली.

पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. हे धरण प्रामुख्याने भरते ते नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरील पावसाने. त्यामुळे पाचोडला ऊन असताना गोदावरीला पूर असू शकतो आणि पाचोडला बरा पाऊस होऊनही नाथसागर रिकामा राहू शकतो. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या मोठ्या विसर्गाने पैठण शहरात पाणी शिरले होते. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर ठरले. १५ ऑक्टोबरला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर ते लागू करायचे, असे तेव्हा ठरले होते.

धरणाचा डावा कालवा पैठणहून पूर्वेकडे जालना आणि परभणी जिल्ह्यांपर्यंत जातो. कालव्याचे पाणी उताराने वाहते, म्हणून त्याच्या खालच्या अंगाची रानेच भिजतात. वरच्या माळरानाला विहीर, तलाव आणि शेततळ्यांचाच आधार असतो. अस्तर लावलेली शेततळी अलीकडे मोसंबीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसतात. पावसाळ्यात भरून घेतलेले पाणी ठिबकने एप्रिल-मेमध्ये बागेला देता येते. नाल्यावरचे बंधारे, ओढ्याचे खोलीकरण आणि तलावातील गाळ काढून रानात पसरणे, या कामांतून खडकाची कमी साठवण थोडीफार भरून निघते. गाळ रानात गेला की तलावाची क्षमता वाढते आणि मुरमाड जमिनीला ओल धरण्याची ताकद येते, असा दुहेरी लाभ होतो.

पावसाची मोजणीही आता गावाच्या जवळ आली आहे. पाचोड हे महसूल मंडळ असल्याने तेथील पाऊस स्वतंत्र नोंदला जातो आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी मानली जाते. महावेध प्रकल्पात राज्यभर मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या नोंदींवर फळपीक विम्याची भरपाईही ठरते. तरी पाऊस एका शिवारात पडून दुसरे कोरडे ठेवतो, आणि मंडळातल्या एका केंद्राची नोंद सर्व गावांना लागू पडेलच असे नाही. म्हणून गावागावांत शाळा, ग्रामपंचायत किंवा शेतकरी गटांनी साधे पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद करणे आणि विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजणे उपयोगाचे आहे. ऑक्टोबरमध्ये हे दोन आकडे हाती असले तर रब्बीत ज्वारी पेरावी की गहू, मोसंबीचा कोणता बहार धरावा आणि जूनपर्यंत गुराढोरांचे पाणी कसे पुरवावे, याचा निर्णय अंदाजाऐवजी हिशेबाने घेता येतो.